बाळ गंगाधर टिळक यांचे महाविद्यालयीन जीवन

बाळ गंगाधर टिळक (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी नेते, संपादक व ग्रंथकार होते. त्यांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात झाले. अभ्यास, व्यायाम आणि मित्रांशी होणाऱ्या चर्चा यांतून त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

पार्श्वभूमी

टिळकांचा जन्म रत्नागिरी येथे झाला. वडील गंगाधरपंत हे शिक्षक असून संस्कृत व गणिताचे जाणकार होते. १८६६ मध्ये हे कुटुंब पुण्यास आले. १८७२ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्यापूर्वीच टिळकांचा विवाह झालेला होता.

व्यायामाचे वर्ष

१८७३ मध्ये टिळकांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्यांची प्रकृती मुळात नाजूक होती. ती सुधारण्याच्या निश्चयाने त्यांनी पहिले वर्ष प्रामुख्याने तालीम, कुस्ती, पोहणे आणि नौकानयन यांत घालविले. अभ्यास मागे पडला व त्या वर्षीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. पितृछत्र हरपलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने वर्ष वाया जाणे ही लहान गोष्ट नव्हती. मात्र त्यांची शरीरयष्टी या काळात बळकट झाली.

अध्ययन

पुढील वर्षांत टिळकांनी व्यायाम न सोडता अभ्यासाकडे लक्ष वळविले. गणित व संस्कृत हे त्यांच्या आवडीचे विषय होते. प्रसिद्ध गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे गुरू होत. बी.ए.ची परीक्षा ते प्रथम वर्गात, तर १८७९ मध्ये एल्‌एल.बी.ची परीक्षा उत्तीर्ण झाले.

आगरकरांशी मैत्री

कायद्याचा अभ्यास चालू असताना त्यांचा गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी स्नेह जडला. देशस्थिती व लोकशिक्षण या विषयांवर दोघांच्या दीर्घ चर्चा होत. सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणकार्यास वाहून घेण्याचा निश्चय त्यांतून झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासमवेत जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. तेथे टिळकांनी गणित शिकविले.

पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर दोघांत तीव्र मतभेद झाले व १८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली. महाविद्यालयात जोपासलेली अध्ययनवृत्ती मात्र टिकून राहिली. १८९३ मधील ‘ओरायन’ या ग्रंथात खगोलगणित व संस्कृत या दोन्ही विषयांचा व्यासंग दिसतो. मंडालेच्या कारावासात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ मध्ये प्रकाशित झाले.