रविवर्म्याने काढलेले डोळे

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात कमळात उभी असलेली, चार हातांची लक्ष्मी आहे. खोलीत कुठेही उभे राहा, ती आपल्याकडेच पाहते. आमच्या आजी तिच्या काचेवर दर शुक्रवारी कुंकू लावत आणि डोळ्यांवर बोट जाऊ नये याची फार काळजी घेत. ही लक्ष्मी घरोघर पोहोचवणारा राजा रविवर्मा केरळातला, पण त्याच्या चित्रांचे नशीब उघडले ते मराठी मुलखात.

जन्म २९ एप्रिल १८४८, किळिमानूर. चौदाव्या वर्षी मामा त्याला त्रावणकोरच्या महाराजांकडे घेऊन गेले. तैलरंग शिकायचे होते, पण दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर शिकवायला तयार नव्हते. पुढे आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपियन चित्रकाराने फक्त काम बघत बसायची परवानगी दिली. एवढी मोठी विद्या त्याने अशी नुसती डोळ्यांनी मिळवली!

तोवर आपल्याकडच्या चित्रांत डोळ्याची रीत वेगळी होती. पैठणची जुनी चित्रे आठवा. चेहरा एका बाजूने, डोळा मात्र समोरून पाहावा तसा पूर्ण, टपोरा. आपल्या भागातल्या किल्लेक्यातांच्या चामडी बाहुल्याही तशाच. (ही मंडळी आपसात मराठीचीच एक बोली बोलतात, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते.) त्या डोळ्यावरून पात्र ओळखता येते, पण त्याच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही.

रविवर्म्याने कथाच डोळ्यांवर सोपवली. त्याच्या ‘शकुंतला जन्म’ चित्रात मेनका बाळ पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतात. बाप मुलीकडे बघतच नाही. तीच मुलगी मोठी झाल्यावर दुसऱ्या चित्रात पायातला काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळते आणि दुष्यंताला शोधते. दुष्यंत चित्रात कुठेच नाही, तरी तो कुठे असेल हे तिच्या नजरेवरून कळते. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत असे मला वाटते. देवांच्या चित्रांत मात्र तो नजर सरळ पाहणाऱ्याकडे वळवतो. तिथे कथा नाही, दर्शन आहे.

चित्रे छापून स्वस्तात घरोघर पोहोचवावीत, ही सूचना सर टी. माधवराव यांची. हे तंजावरी मराठी, कुंभकोणमचे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी चौदा पौराणिक चित्रे सांगितली आणि ती पाहायला बडोद्यात, मुंबईत गर्दी लोटली. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना सुरू झाला. एकेका रंगासाठी वेगळा दगड. दगड केसभर सरकला तरी देवीचे डोळे बिघडायचे.

पुढे प्लेग आला आणि छापखाना घाटकोपर, मग लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. चित्रे खपत होती, पण कर्ज फिटत नव्हते. माझी सारी नोकरी कर्जप्रकरणे तपासण्यात गेली, त्यामुळे मला हे वाचताना फार हळहळ वाटली. माल उत्तम, मागणी भरपूर आणि तरी खाते बुडीत! व्यवहार पाहणारा धाकटा भाऊ राजराजा वर्मा स्वतःही चित्रकारच. अखेर छापखाना श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. दादासाहेब फाळके काही काळ तिथे कामाला होते.

कलेच्या जाणकारांनी या छापील चित्रांना पुढे बाजारू म्हटले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्यांना त्या काळी देवळाची पायरीही चढू देत नव्हते, त्यांच्या घरच्या भिंतीवरून तीच लक्ष्मी त्यांच्याकडेही सरळ बघत होती. गाभाऱ्यासमोरच्या पुजाऱ्याकडे बघावे तसेच.

१९०५ मध्ये भाऊ गेला. म्हैसूरच्या महाराजांसाठी नऊ पौराणिक चित्रे पुरी करून रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला वारला. मुलांना घेऊन दसऱ्याला म्हैसूरला जाल, तेव्हा राजवाडा झाल्यावर जगन्मोहन पॅलेसमध्ये तासभर काढा. तिथे त्याची मूळ तैलचित्रे आहेत.