केरीसाहेबांचीं सात वर्षें

शेतकऱ्यानें मृगांत पेरलें आणि तिसरे दिवशीं जमीन उकरून बीं पाहूं लागला, तर शेजारीपाजारी त्यास हंसतील. परंतु प्रभूच्या शेतांत आपण पुष्कळदां असेंच करितों. एखाद्या गांवीं उपदेशक दोन वर्षें राहिला आणि एकही कुटुंब प्रभूकडे वळलें नाहीं, म्हणजे मंडळींत कुजबूज सुरू होते. उपदेशकाचेंही मन आंतून खचतें. अशा बंधुभगिनींकरितां विल्यम केरी यांचा वृत्तांत येथें देत आहों.

केरीसाहेबांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. बाप विणकर, मुलगा जोडे शिवण्याचें काम शिकला. पुढें ते बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले, तरी पोटासाठीं जोडे शिवणें व शाळा चालविणें सुटलें नाहीं. १७९२ च्या आक्टोबरांत केटरिंग गांवीं कांहीं गरीब पाळक एका घरीं जमले आणि परदेशीं शुभवर्तमान पाठविण्याकरितां त्यांनीं वर्गणी लिहिली. ती सारी मिळून १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स भरली. एवढ्या शिधोरीवर ते हिंदुस्थानांत जावयास निघाले, व ता. ११ नोव्हेंबर १७९३ रोजीं कलकत्त्यास पोहोंचले.

त्यांची पत्नी डॉरथी ही प्रथम येण्यास मुळींच राजी नव्हती. मांडीवर तान्हें मूल होतें. शेवटीं बहीण बरोबर येईल तर येतें, असें म्हणून ती निघाली. ही गोष्ट केरीसाहेबांच्या चरित्रांत लपवूं नये असें आम्हांस वाटतें. देवाच्या वेळेवर विसंबून राहणाऱ्या मनुष्याचें ओझें पुष्कळदां घरच्यांच्या खांद्यावर पडतें, आणि त्या बाईच्या वांट्यास तें फार जड आलें.

बंगाल्यांत पहिले महिने हालांत गेले. पैसा संपला, घर नाहीं, आणि कंपनी सरकारास मिशनरी नकोत. अखेर माळदा जिल्ह्यांत मुदनाबाटी येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीचें काम मिळालें. तेथें १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर आजारानें मेला. जातीच्या भयानें त्याच्या प्रेतास हात लावण्यास माणसें मिळणें कठीण झालें. त्यानंतर डॉरथीबाईंचें मन जें बिघडलें तें पुन्हा कधीं सावरलें नाहीं. भिंतीपलीकडे ती ओरडत असावी आणि अलीकडे साहेबांनीं पंडितास घेऊन भाषांतर करीत बसावें, असें किती वर्षें चाललें!

त्यांनीं बंगाली भाषा शिकून घेतली. निळीच्या हंगामांतून सवड काढून ते खेड्यांतून फिरून उपदेश करीत. नव्या कराराचें भाषांतर त्यांनीं लिहून काढलें. एक लांकडी छापखानाही मिळविला. लोक ऐकत, वाद घालीत, कधीं मान डोलावीत. बाप्तिस्मा मात्र कोणी घेईना. एक वर्ष गेलें, दोन गेलीं, पांच गेलीं. आपण येथें निरुपयोगी आहों काय, असा विचार त्यांच्या मनांत येत नसे असें नाहीं. त्यांच्या पत्रांत खिन्नतेचे दिवस पुष्कळ आहेत. पण दुसऱ्या दिवशींचें काम त्यामुळें राहिलें असें कोठें दिसत नाहीं.

१८०० च्या जानेवारींत ते डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास राहावयास गेले. वॉर्ड नांवाचे मुद्रक व मार्शमन नांवाचे शिक्षक तेथें त्यांस मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नांवाच्या एका सुताराचा पाय घसरून खांदा निखळला. त्यास मिशनकडील डॉक्टर थॉमस यांजकडे आणिलें. डॉक्टरांनीं खांदा बसविला आणि बसवितां बसवितां प्रभूची गोष्ट सांगितली. केरीसाहेबांचा उपदेश हजारोंनीं ऐकला होता. पण देवानें पहिलें फळ दिलें तें एका निखळलेल्या खांद्यापासून.

ता. २८ डिसेंबर १८०० हा आदितवार. हुगळी नदीच्या घाटावर गर्दी जमली. केरीसाहेबांनीं आपला मुलगा फीलिक्स यास व मग कृष्ण पाल यास पाण्यांत नेऊन बाप्तिस्मा दिला. देशांत पाऊल ठेविल्यापासून सात वर्षें एक महिना झाला होता. पण त्या दिवशीं डॉक्टर थॉमस घाटावर नव्हते. सतरा वर्षें ज्या गोष्टीची वाट पाहिली ती घडल्याच्या आनंदानें त्यांचें चित्त भ्रमलें व त्यांस कोंडून ठेवावें लागलें. दुसऱ्या खोलींत डॉरथीबाई. नदीवर गीत आणि घरांत आक्रोश, अशा रीतीनें श्रीरामपुरच्या मंडळीचा आरंभ झाला. डॉरथीबाई १८०७ सालीं वारल्या.

पुढें छापखाना पुष्कळ वाढला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कालेजांत केरीसाहेब बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. पगाराचा मोठा भाग मिशनच्या सामाईक पेटींत जाई. ता. ११ मार्च १८१२ रोजीं संध्याकाळीं छापखान्यास आग लागली. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, भाषांतरांचीं हस्तलिखितें, व्याकरणें, सर्व जळालें. केरीसाहेब कलकत्त्यास होते. दुसरे दिवशीं मार्शमन यांनीं जाऊन त्यांस ही वार्ता सांगितली. राखेखालीं खिळे पाडण्याचे सांचे शाबूत सांपडले. वितळलेलें शिसें पुन्हा ओतण्यास घेतलें. विलायतेंतील मंडळ्यांनीं नुकसानभरपाईची रक्कम सुमारें दोन महिन्यांत जमविली. जळालेलीं भाषांतरें केरीसाहेबांनीं पुन्हा हातीं घेतलीं. एकदां चाललेली वाट दुसऱ्यांदां अधिक नीट चालतां येते, असें त्यांनीं मानिलें. तरी सर्वच परत आलें नाहीं. अनेक भाषांचा जो मोठा कोश ते तयार करीत होते तो गेला तो गेलाच.

आमच्या वाचकांचा या पुरुषाशीं आणखी एक संबंध आहे. त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी अक्षरांत मराठी कोश छापिला. या कामीं वैजनाथ नांवाच्या पंडितांचें त्यांस साहाय्य होतें. १८११ सालीं मराठी नवा करार श्रीरामपुरास छापून निघाला. अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले ते १८१३ सालीं. म्हणजे पुस्तक आधीं आणि वाचून दाखविणारा मागाहून! त्या भाषांतराची मराठी आतां कोणास सहज कळणार नाहीं. पुढें नवीं भाषांतरें झालीं व केरीसाहेबांचें मागें पडलें. महाराष्ट्रांतील एकही मंडळी त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं.

वाट पाहणें म्हणजे हळू चालणें असा मात्र त्यांचा समज नव्हता. १७९९ सालीं त्यांनीं एक सती जातांना पाहिली, आणि त्या दिवसापासून ती चाल बंद व्हावी म्हणून ते खटपट करीत राहिले. तीस वर्षें गेलीं. १८२९ च्या डिसेंबरांत सतीबंदीचा कायदा झाला व बंगाली भाषांतरासाठीं तो त्यांजकडे आला. दिवस आदितवारचा. त्यांनीं उपदेशाचें काम दुसऱ्यावर सोंपविलें, अंगरखा काढून टेबलाशीं बसले, आणि पंडितासह संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरें केलें. एक दिवस उशीर म्हणजे कोणा विधवेचा प्राण, हें त्यांस ठाऊक होतें.

म्हातारपणीं त्यांचा वेळ भाषांतरें सुधारण्यांत व आपल्या बागेंत जाई. बागेचें त्यांस फार वेड होतें. ता. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास ते वारले. आपल्या कबरेवर स्तुतीचा शब्द नसावा असें त्यांनीं आधींच लिहून ठेविलें होतें. त्याप्रमाणें दगडावर नांव, जन्ममृत्यूच्या तारखा आणि स्वतःचें दैन्य कबूल करून प्रभूच्या हातीं पडणाऱ्या पापी मनुष्याविषयींच्या वॉट्स यांच्या गीतांतील दोन ओळी, एवढेंच कोरिलें आहे.