रेव्हरंड टिळक

कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यात, करजगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावी ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळक यांचा जन्म झाला. लोकमान्य टिळकांचे नाव सर्वांना ठाऊक असते. आडनाव तेच असले तरी हे टिळक निराळे. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या गोड कविता लिहिल्या की महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखू लागला.

नारायणाचे वडील वामनराव स्वभावाने फार तापट होते. आई जानकीबाई मात्र मृदू अंतःकरणाची होती आणि तिला कवितेची गोडी होती. तीच गोडी मुलात उतरली. नारायण अकरा-बारा वर्षांचा असताना आई वारली. मायेचा आधार तुटताच मुलाचे मन घरात रमेना. एके दिवशी त्याने घर सोडले आणि पायी चालत नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्याला संस्कृत शिकावयास मिळाले. १८८० साली, त्या काळच्या रूढीप्रमाणे लहान वयातच, त्याचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी झाले. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

टिळकांचा पाय एका गावी फार दिवस ठरत नसे. कोठे शिक्षकाची नोकरी, कोठे कीर्तन, कोठे वर्तमानपत्राचे काम, असे त्यांचे चालले होते. परंतु या भटकंतीच्या मुळाशी केवळ चंचलपणा नव्हता. माणसामाणसांत उच्चनीच भेद का असावा, आपला देश मागे का पडला, सर्वांना एकत्र आणील असा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांना झोप येऊ देत नसत. नागपुरात असताना जुन्या धर्मग्रंथांच्या संपादनाचे काम त्यांच्याकडे होते. तरीही मनाचे समाधान होईना.

अशा मनःस्थितीत ते एकदा नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचे काव्यावर बोलणे निघाले, मग धर्मावर. त्या गृहस्थांनी निरोप घेताना टिळकांच्या हाती बायबलमधील नव्या कराराची एक प्रत ठेवली. टिळकांनी वाचनास आरंभ केला तो टीका करण्याच्या हेतूने. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच थबकले. शत्रूवरही प्रेम करण्याचा तो उपदेश त्यांच्या अंतःकरणात खोल शिरला. पुढील काळ मोठ्या घालमेलीत गेला. एकीकडे नवी श्रद्धा. दुसरीकडे जात, आप्त, मित्र, पत्नी आणि चिमुकला मुलगा दत्तू. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

बातमी सर्वत्र पसरली आणि घरावर जणू वीजच कोसळली. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यापिशा झाल्या. नातलगांनी त्यांना व दत्तूला आपल्याजवळ ठेवून घेतले. टिळकांच्या निश्चयाची किंमत केवळ टिळकांनी दिली असे नव्हे. त्यांच्याहून अधिक ती लक्ष्मीबाईंना द्यावी लागली, हे विसरून चालणार नाही. टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रुजू झाले. तेथून ते पत्नीला पत्रे लिहीत आणि वाट पाहत.

चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पतीकडे आल्या. पण त्या धर्म बदलून आल्या नव्हत्या. आरंभी त्यांचे पाणी वेगळे, त्यांचा स्वयंपाक वेगळा, सोवळे कडक. टिळकांनी त्यांच्यावर कोणतीही बळजबरी केली नाही. जे आपल्याला वर्षानुवर्षांच्या तळमळीनंतर सापडले, ते दुसऱ्याला एका दिवसात कसे पटावे, हे ते जाणून होते. मग एके दिवशी लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसल्या. गाय निराळी, घोडा निराळा, हे डोळ्यांना दिसते. पण माणसांतल्या जाती कोठे दिसतात? देवाने त्या केल्या नसतील, तर त्या माणसानेच केल्या असल्या पाहिजेत. हा विचार मनाला पटताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरविले. कोणी उपदेश केला नाही की वाद घातला नाही. स्वतःच्याच बुद्धीने त्यांनी ती गाठ सोडविली. १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. पुढे अनेक निराधार मुलांना त्या घरात आसरा मिळाला. बालकवी ठोमरे यांच्यासारखा तरुण कवीही त्या घरी मुलासारखा राहिला.

टिळकांनी जुनी वाट सोडली, परंतु जे चांगले ते टाकले नाही. त्या काळी येथील ख्रिस्ती मंदिरांत परकीय चालींवरची गाणी म्हटली जात. शेतकऱ्याच्या, कष्टकऱ्याच्या कानांना ती ओळखीची वाटत नसत. टिळकांनी ओवी, अभंग आणि भजन हाती घेतले, कीर्तनाची परंपरा चालविली आणि ख्रिस्तभक्तीची शेकडो पदे रचली. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापाशी आणून सोडले, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यामुळे ज्यांना सोडून ते गेले होते, त्यांपैकी अनेकांनी पुढे त्यांच्याशी पुन्हा स्नेह जोडला. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात तर धर्माचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही; तेथे टिळक केवळ एक मराठी कवी होते.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माणूस विसाव्याची जागा शोधतो. टिळकांनी मात्र १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली. आपला धर्म परक्यांच्या पैशावर उभा राहू नये, तो या मातीत रुजावा, ही त्यांची तळमळ होती. संन्याशाच्या वृत्तीने ते साताऱ्याला राहिले आणि त्यांनी देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ काढला. दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. काम जेमतेम सुरू झाले होते, तोच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते. त्याचे सुमारे दहा अध्यायच त्यांच्या हातून पुरे झाले. ज्या लक्ष्मीबाईंना लहानपणी शाळेचे तोंडही पाहावयास मिळाले नव्हते आणि ज्यांना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती, त्यांनी ते अपुरे हस्तलिखित पुढे ओढले आणि त्याचे बहुतेक सर्व अध्याय स्वतः लिहिले. शेवटचा भाग दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, पुरा केला.