उपाशी आलेल्यांच्या हाताला कसब देणाऱ्या पंडिता रमाबाई

सालाबादप्रमाणे यंदाही स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव सुचवले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत रमाबाई कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपला गणपती विद्येचा आणि कलांचा देव. घरदार सुटलेल्या, दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेकडो बायकामुलींना विद्या आणि कसब देऊन उभे करणारी रमाबाईंसारखी दुसरी व्यक्ती त्या काळात शोधूनच काढावी लागेल. शिवाय त्या आपल्याच सह्याद्रीच्या लेक. आपण काळी नदीच्या खोऱ्यातले, त्या तुंगा-भद्रेच्या उगमाकडच्या.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील माळ गावचे. विद्यार्थिदशेत पुण्याला असताना पेशव्यांच्या घरातील स्त्रीला संस्कृत शिकवले जाते हे त्यांना कळले आणि आपणही आपल्या पत्नीला शिकवायचे असे त्यांनी मनाशी ठरवले. पुढे पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी खरोखरच संस्कृत शिकवले. त्यावरून गहजब झाला, पंडितांपुढे जाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनी शास्त्राधारेच उत्तर दिले, पण गावात राहणे नकोसे झाले आणि ते गंगामूळच्या घोर अरण्यात आश्रम बांधून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आश्रमात विद्यार्थी आणि यात्रेकरू यांची रीघ असे. त्यांच्या आदरातिथ्यात कर्ज झाले आणि रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने डोंगर सोडला. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून खाली आणले. त्या दिवसापासून पुढची वीस-बावीस वर्षे त्यांना स्वतःचे असे घर मिळाले नाही.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळांत पुराण सांगे आणि श्रोते देतील त्या दक्षिणेवर राही. रमाबाई आईकडून शिकल्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांना लहानपणीच मुखोद्गत होते. मराठी तर घरचीच. हिंडता हिंडता कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगालीही त्यांनी आत्मसात केली.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला माणसे येईनात आणि आली तरी द्यायला त्यांच्याजवळ काही नसे. होते नव्हते ते विकून झाले. या घरात विद्या अपार होती, पण पोटापाण्याचे कसब एकालाही येत नव्हते. अंगमेहनतीची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, मागोमाग आई गेली, नंतर थोरली बहीण कॉलऱ्याने गेली. आईचे प्रेत उचलायला खांदेकरी मिळेनात. कसेबसे दोघे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडू लागली म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला. ही गोष्ट वाचली की रमाबाईंचे पुढचे सगळे आयुष्य उलगडते असे आम्हाला वाटते. विद्या असूनही माणूस उपाशी मरू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

बहीण-भाऊ पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेरचा विवाह केला. कन्या मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये नात्यातल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. या मुक्कामात त्यांनी शाळा पाहिल्या, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, व्याख्याने दिली. त्यांचे काम पाहून बोस्टनमध्ये एक साहाय्यक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू याच पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे झाल्या.

सार्वजनिक गणेशोत्सव ज्या सुमारास सुरू झाला त्याच सुमारास, म्हणजे १८९३ मध्ये, शारदा सदनावर वादळ आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. ते पाळले जात नाही, मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळवला जातो, असा आक्षेप लोकमान्य टिळकांच्या केसरीने घेतला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या जागी दुसरे कोणी असते तर संस्थेला कुलूप लागले असते. रमाबाईंनी मात्र पुण्यापासून काही अंतरावर रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडे लावली. अमेरिकेच्या मदतीची मुदत संपल्यावर संस्थेने स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहावे, हा त्यांचा हिशेब होता.

ती जमीन वेगळ्याच कामी आली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची उपासमार ज्यांनी सोसली त्यांना घरी बसवेना. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि रस्त्यांवर सापडलेल्या अनाथ मुली व तरुण विधवा घेऊन परत आल्या. त्यांची संख्या सुमारे तीनशेवर गेली. अंगावर चिंध्या, हाडांचे सापळे, बोली वेगळी, कोणावरही विश्वास नाही, अशी त्यांची दशा होती. तेवढ्यात पुण्यात प्लेगची धामधूम सुरू झाली आणि इतक्या लोकांना शहरात ठेवणे अशक्य झाले. मग हा सारा लोंढा केडगावच्या माळावर नेला. आधी तात्पुरता निवारा केला, मागाहून इमारती उठल्या. त्याच प्लेगच्या दिवसांत सरकारी इस्पितळांत बायकांची कशी आबाळ होते हे रमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडले आणि खुद्द गव्हर्नरांचा रोष पत्करला, हेही नमूद केले पाहिजे.

१८९८ पासून केडगावची वसाहत मुक्ती सदन म्हणून ओळखली जाऊ लागली. १९०० मध्ये गुजरातेत, तिकडचे लोक ज्याला छपनियो म्हणतात तो दुष्काळ पडला. तेथूनही शेकडो मुली आणल्या. आता केडगावी जवळजवळ दोन हजार माणसे झाली. एवढ्यांना नुसते जेवू घालणे हीच मोठी गोष्ट होती, पण रमाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलींचे गट पाडले आणि प्रत्येक गटावर एक जाणती बाई नेमली. सकाळ-दुपार शाळा आणि काम अशी वाटणी केली. माग बसवले, तेलाचा घाणा घातला, गुरे पाळली, दूधदुभते सुरू केले. शेत आणि बाग होतीच. शिवणकाम, भरतकाम, धोबीकाम, पावरोटी भाजणे, अशी कामे शिकवण्याची सोय झाली. छापखाना घातला आणि त्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंत सारे बायकाच करू लागल्या. शिकण्यात ज्यांची गती चांगली त्यांच्यासाठी शिक्षिका तयार करण्याचा वर्ग होता. ज्या मुलींना दृष्टी नव्हती त्यांना मनोरमाबाईंनी उठावाच्या ब्रेल अक्षरांवरून वाचायला शिकवले.

या व्यवस्थेतली एक गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. शारदा सदनात शिकलेल्या विधवा मध्य प्रांतातून आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या आणि मध्य प्रांतातून आलेल्या मुली गुजरातेतून आलेल्यांना सांभाळू लागल्या. आधी आलेल्याने मागून आलेल्याला शिकवायचे, हा नेम पडला. त्यामुळे शिकवणारीला आपण आश्रित आहोत याचा विसर पडे आणि शिकणारीला समोर आपल्यासारखीच एक सावरलेली बाई दिसे. वेगवेगळ्या प्रांतांच्या, जातींच्या आणि बोलींच्या या मुली एका अंगणात राहून मराठी बोलू लागल्या, त्या याच मार्गाने. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे मूळ भाषांवरून मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्याची भाषा खेड्यातल्या बाईला समजेल इतकी सोपी ठेवली आणि ते छापले त्याच छापखान्यात.

वाचकांना खटकणारी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुक्ती सदन ही उघड ख्रिस्ती संस्था होती आणि तेथे आलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. अन्नासाठी आलेल्या पोरक्या मुलीला धर्माच्या बाबतीत खरीखुरी निवड कितपत करता येते, हा टीकाकारांचा प्रश्न आजही गैरलागू नाही. आसरा देणाऱ्याने त्याची कोणती किंमत घ्यावी, हे प्रत्येक काळी विचारले पाहिजे. परंतु त्या टीकेतून चांगलेही निघाले. लाला लजपतराय आणि आर्य समाजाची मंडळी दुष्काळातल्या अनाथ हिंदू मुलांसाठी पुढे सरसावली. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली, ती पुढे हिंगण्याला बहरली आणि तिच्यासाठी शारदा सदनात शिकलेल्या बाया कर्व्यांनी दारोदार वर्गणी गोळा केली. धर्म आपला ठेवून पद्धत रमाबाईंची घेता येते, हे कर्व्यांनी करून दाखवले.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

आता आपल्याकडे वळू. बाजारकुणंग आणि सगळा जोयडा तालुका घर सुटण्याचा अर्थ ओळखतो. सुपा धरणाखाली जुने सुपे गाव आणि आसपासची खेडी गेली, तिथली माणसे रामनगरला येऊन राहिली. आज काळी व्याघ्र प्रकल्पातून काही कुटुंबे भरपाई घेऊन बाहेर पडत आहेत. आपली तरुण मुले कामासाठी गोव्याला जातात आणि तिथे तीच परकी ठरतात. आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे पुनर्वसनाचे कागद कसे फिरतात हे जवळून पाहतो. जमिनीचा उतारा आणि रकमेचा धनादेश हातात पडला की कागदापुरते काम संपते. जंगलात वाढलेल्या बाईला रस्त्याकाठच्या वस्तीत कोणत्या कामावर पोट भरता येईल, हा रकाना त्या कागदात नसतो.

तो रकाना आपण भरू शकतो. शेजारच्या हल्याळला कॅनरा बँक देशपांडे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. अशा संस्थांत खेड्यातल्या गरजू मुलामुलींना राहण्या-जेवणाच्या सोयीसह मोफत प्रशिक्षण मिळते. आपल्या मंडळाने नव्याने आलेल्या घरांत जाऊन ही माहिती द्यावी, अर्ज भरून द्यावा. शिकून आलेल्या मुलीला पुढच्या उत्सवात आपल्याच मंडपात आठ दिवसांचा शिवणाचा किंवा अन्य कामाचा वर्ग घ्यायला बोलवावे. ज्यांना फक्त कानडी येते आणि ज्यांना फक्त मराठी-कोंकणी येते त्यांनी त्या वर्गात शेजारी शेजारी बसावे. आपली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत खरी, पण कोणत्या ना कोणत्या पिढीत आपणही घाट चढून किंवा उतरून आलेलोच आहोत. तेव्हा कोणीतरी आपल्याला बी दिले, कोणी औत दिले, कोणी इथली भाषा शिकवली. आधी आलेल्याने मागून आलेल्याला शिकवायचे, हा रमाबाईंचा नेम आपण पाळला तर श्रीगजाननाची ती खरी सेवा होईल, असे आम्हाला वाटते.