ग्रेगोर मेंडेल : वाटाणे मोजणारे मास्तर

दहावी-बारावीची मुले आनुवंशिकतेच्या धड्यापाशी आली की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असतात. आईवडिलांत न दिसणारा गुण मुलात येतो कुठून? प्रभावी गुण म्हणजे चांगला गुण का? आणि तीनास एक हे प्रमाण म्हणजे चारांपैकी नेमके एक का? आम्ही कृषी पदविका घेऊन सरकारी नोकरीत आलो, म्हणून मंडळातली मुले हे प्रश्न आमच्याकडे आणतात. या तिन्हींची उत्तरे ग्रेगोर मेंडेल यांच्या चरित्रातच आहेत, आणि ती पालकांनाही ठाऊक असायला हवीत, असे आम्हांला वाटते.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्त्सेनडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. मूळ नाव योहान. वडील शेतकरी, त्यांना जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. १८३८ मध्ये अशाच कामावर लाकूड अंगावर पडून ते जायबंदी झाले. एकुलत्या मुलाने शेत सांभाळावे अशी घरची अपेक्षा होती, पण मुलाला शिकायचे होते. अशा वेळी धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या हुंड्यातला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. पुढे मेंडेल यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला, त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले. तिथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले आणि पोटापाण्याची विवंचनाही मिटली. १८४९ पासून ते शाळेत शिकवू लागले, पण पुढच्याच वर्षी शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले. मठाने त्यांना १८५१ ते १८५३ व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकून ते परतले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, तरी प्रमाणपत्र मिळाले नाही. ब्रनोच्या शाळेत सुमारे चौदा वर्षे त्यांनी बदली शिक्षक म्हणूनच काढली. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर मास्तर कधी कायम झालेच नाहीत.

त्याच १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्यावरचे प्रयोग सुरू केले. आधी ३४ वाणांचे बी मिळवून दोन वर्षे पारखले होते. मग सात गुण निवडले. कळी उमलण्यापूर्वी उघडायची, तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि वर पिशवी बांधायची. आठ वर्षांत सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोल निघाले. तेच दाणे पेरून पुढची पिढी घेतली. तिचे ७,३२४ दाणे मोजले, तर ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले! म्हणजे सुरकुती नाहीशी झालीच नव्हती. प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांनाच आज आपण जनुके म्हणतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे.

दुसऱ्याचे उत्तर मात्र १९९० मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे स्पष्ट झाले. सुरकुतलेल्या वाटाण्याच्या एका जनुकात डीएनएचा जादा तुकडा घुसलेला असतो. त्यामुळे पिष्ट घडवणारे एक विकर नीट बनत नाही, साखर शिल्लक राहते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना आक्रसतो. जोडीतले एक जनुक धड असले तरी दाणा गोल होतो. प्रभावी म्हणजे एवढेच. चांगल्या-वाइटाशी त्याचा संबंध नाही. उलट सुरकुतणारा वाटाणा चवीला गोड लागतो.

तिसरे उत्तर मेंडेल यांच्या मोजणीतच आहे. एका झाडावर ४३ गोल आणि २ सुरकुतलेले दाणे निघाले, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. तीनास एक हे प्रमाण हजारो दाण्यांत दिसते. प्रत्येक दाण्याची सोडत नव्याने निघते.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यांनी हे काम ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले. १८६६ मध्ये ते छापून आले. त्यांनी ४० प्रती मागवून विद्वानांना पाठवल्या, पण त्याचे मोल कोणाच्या ध्यानी आले नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि पुढची वर्षे सरकारशी कराच्या वादात गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी ते वारले. १९०० मध्ये द व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तिघांच्या संशोधनामुळे हे काम पुन्हा उजेडात आले.

आपल्याकडे या मोजणीचे मोल पुस्तकापुरते नाही. मध्य प्रदेश, विदर्भ आणि गुजरातच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि थॅलेसेमियाही देशात अनेक समाजांत आढळतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर ते स्वतः धडधाकट दिसतात, पण दर खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा हिशोब चालत नाही. अशा घरात अजूनही सुनेकडे बोट दाखवले जाते. वास्तविक आजारी मुलाला एक जनुक आईकडून येते, तसेच एक वडिलांकडून.

म्हणून मंडळातल्या कुटुंबांना आमची विनंती आहे की, विवाह ठरवताना पत्रिकेबरोबर मुलामुलीच्या रक्ताचीही तपासणी करून घ्यावी. एक जण वाहक नसेल तर मूल त्या आजाराने ग्रासले जाण्याची भीती जवळजवळ राहत नाही. दोघेही वाहक निघाले तर लगेच घाबरून न जाता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्रीगणराय सर्वांना तशी सुबुद्धी देवो.