अनाथाश्रमातला मेकॅनिक : विल्हेल्म मायबाख

मायबाख म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना ती लांबलचक, महागडी गाडी आठवते. पण मित्रांनो, हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या जुन्या बाइक्सचं ह्या माणसाशी नातं त्या गाडीपेक्षाही जवळचं आहे. सिनिअर पास आउट झाला की ज्युनिअरच्या गळ्यात पडणाऱ्या त्या बाइक्स! एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स लागू झालं आणि नव्या बाइक्समधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आपल्या पार्किंगमध्ये मात्र तो अजून नांदतोय.

विल्हेल्म मायबाखचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. बाप सुतार. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले आणि पोरगं रॉइटलिंगेनच्या एका धर्मादाय संस्थेत येऊन पडलं. संस्थेची स्वतःची वर्कशॉप होती. तिथे तो ड्रॉइंग शिकला. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलं नाही. (इथे एंट्रन्ससाठी दोन-दोन वर्षं घासणाऱ्या आपण सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.) त्याच वर्कशॉपचा कारभार बघायला गॉटलीब डाइमलर आला. वयाने बारा वर्षांनी मोठा. त्याने हा पोरगा हेरला आणि पुढे डाइमलर जिथे गेला तिथे मायबाखही गेला. १८७२ पासून दोघं डॉइट्झच्या कारखान्यात होते. ऑटोचं फोर-स्ट्रोक इंजिन तिथलंच. ते कारखान्यात धडाधड बनवता येईल असं करण्यात मायबाखचा मोठा हात होता.

१८८२ मध्ये मालकांशी बिनसलं आणि दोघं कानश्टाटला आले. डाइमलरच्या बागेतल्या काचघरात काम सुरू झालं. रात्रंदिवस ठोकाठोकी चाललेली बघून माळ्याला वाटलं की हे खोटी नाणी पाडतायत, आणि त्याने पोलीस आणले, अशी गोष्ट सांगतात. पोलिसांना सापडलं काय, तर इंजिन! १८८५ मध्ये तेच इंजिन त्यांनी एका लाकडी सांगाड्यात बसवलं. अर्धा हॉर्सपॉवर, ताशी साधारण १२ किलोमीटर, आणि पडू नये म्हणून बाजूला दोन छोटी चाकं. पेट्रोल इंजिनवरची जगातली पहिली मोटारसायकल ती हीच. डाइमलरच्या मुलाने ती चालवून बघितली तेव्हा खालच्या तापलेल्या इग्निशन ट्यूबमुळे सीट पेटलं होतं म्हणतात.

तिच्यात कार्ब्युरेटर होता, पण जुन्या पद्धतीचा. पेट्रोलवरून हवा खेळवायची आणि जेवढी वाफ निघेल ती इंजिनला द्यायची. ह्यात पेट्रोलमधला हलका भाग आधी उडून जातो, जड भाग तळाशी राहतो. म्हणजे टाकी भरल्यावर एक मिक्श्चर, अर्धी झाल्यावर दुसरं. थंडीत आणखी तिसरंच.

१८९० मध्ये डाइमलरची कंपनी उभी राहिली, आणि पैसेवाल्या भागीदारांनी मायबाखला असा करार पुढे केला की १८९१ च्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला. डाइमलरने गुपचूप पैसे पुरवले. कानश्टाटच्या हर्मान हॉटेलचं दालन भाड्याने घेऊन मायबाखने तिथे वर्कशॉप थाटली. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी वर्षं हीच. कंपनी नाही, हुद्दा नाही आणि डोक्यावर बोर्डही नाही!

इथेच १८९३ चा स्प्रे कार्ब्युरेटर झाला. वाफेची वाट बघायचीच नाही. फ्लोटने पेट्रोलची पातळी नोझलच्या तोंडाच्या जरा खाली धरायची. पिस्टन हवा ओढतो, नोझलपाशी दाब पडतो, आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, हिशोब आपोआप. त्याच वर्षी हंगेरीत बांकी आणि चोन्का ह्यांनीही अशाच कल्पनेचं पेटंट घेतलं, त्यामुळे एकट्या मायबाखला बाप म्हणणं बरोबर नाही.

आता आपल्या बाइक्सकडे या. साकीनाक्याहून शंकूसारखा एअर फिल्टर आणून लावला की आवाज भारी येतो आणि पिकअप मात्र पडतो. कारण मायबाखच्या त्या हिशोबातच आहे. कंपनीचा एअर बॉक्स हवेला थोडा अडवतो, त्यामुळे नोझलपाशी ओढ जास्त बसते, आणि जेट ती ओढ धरूनच निवडलेला असतो. अडथळा काढला की हवा सहज येते, ओढ कमी होते, पेट्रोल पुरत नाही. मिक्श्चर लीन, इंजिन गरम. प्लग काढून बघा, पांढराफटक असेल. बिस्किटी रंग हवा, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. फुल थ्रॉटलला मेन जेट एकेक साइझ वाढवत जायचं, मधल्या थ्रॉटलला नीडलची क्लिप एक खाच खाली, आणि आयडलिंगला पायलट जेट आणि स्क्रू. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आणि पवईच्या पावसात उघडा फिल्टर पाणी ओढतो, ते वेगळंच.

असो. १८९५ मध्ये कंपनीला दोघांची गरज पडली. इंजिनाचं लायसन्स घेणाऱ्या इंग्रज व्यावसायिकाने अटच घातली की डाइमलर परत हवा. मायबाखही टेक्निकल डायरेक्टर म्हणून परतला. मार्च १९०० मध्ये डाइमलर वारला. त्याच वर्षी यलिनेक नावाच्या गिऱ्हाइकाने ३६ गाड्यांची ऑर्डर दिली आणि मुलीचं नाव गाडीला लावायला सांगितलं : मर्सिडीज. ३५ हॉर्सपॉवर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर, आणि दर दोन सिलिंडरला एक असे दोन कार्ब्युरेटर. डिझाइन मायबाखचं. १९०१ च्या नीसच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे गेली.

एवढं करूनही डाइमलरनंतर कंपनीत त्याला पाठीराखा उरला नाही. हळूहळू बाजूला सारत नेलं आणि १९०७ मध्ये तो कायमचा बाहेर पडला. नाव कंपनीवर डाइमलरचं, गाडीवर यलिनेकच्या मुलीचं, आणि ड्रॉइंग बोर्डावर हा. मला हे अजूनही खटकतं.

१९०९ मध्ये मुलगा कार्ल आणि काउंट झेपेलिन ह्यांच्याबरोबर त्याने हवाई जहाजांच्या इंजिनांचा कारखाना काढला. मायबाख नावाच्या गाड्या आल्या त्या पहिल्या महायुद्धानंतर, कार्लच्या हातून. १९१६ मध्ये श्टुटगार्टच्या टेक्निकल कॉलेजने कॉलेज न पाहिलेल्या ह्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ ला तो गेला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलरला पुरलं होतं, तिथेच त्यालाही पुरलं.