नाताळचे घर आणि फादर थॉमस स्टीफन्स

आगमनकाळ सुरू झाला की मनमाडच्या बाजारात कागदी तारे, लाल टोप्या आणि चकाकणाऱ्या माळा दिसू लागतात. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. तारा आमच्याही दारावर लागतो. परंतु खरेदी उरकल्यावर गव्हाणीपुढे बसून मुलांना काय सांगावे, हा प्रश्न अनेक घरांत उरतोच. चारशे वर्षांपूर्वी असाच प्रश्न एका येशूसंघीय धर्मगुरूंपुढे आला होता. म्हणून यंदा त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यात कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. श्रद्धावंत घराची दारे लावून उपासना करीत. थॉमस पाउंड या श्रीमंत मित्राबरोबर, त्यांच्या सेवकाच्या वेषात, स्टीफन्स काही काळ वावरले. दोघांनी रोमला जाण्याचे ठरविले. पण पाउंड तुरुंगात पडले आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले व २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. त्या प्रवासाविषयी त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. त्यांचे उरलेले आयुष्य, सुमारे चाळीस वर्षे, मुख्यत्वे सासष्टीत गेले.

सासष्टीतील देवळे पाडली गेली होती, जुने ग्रंथ लोकांकडून काढून घेतले गेले होते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान अभिमानाने वाचण्यासारखे नाही. नवख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी पुराणश्रवणाची सवय होती. आता सण होते, पण सणाच्या रात्री घरात ऐकायची कथा नव्हती. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच स्टीफन्स एक प्रसंग सांगतात. रविवारी सायंकाळी धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण उठतो आणि विचारतो, की जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही?

पाद्रीबाबांनी त्याला गप्प बसविले नाही. त्यांनी पुराणच लिहावयास घेतले. बंद दारांआडची श्रद्धा त्यांनी मायदेशी पाहिली होती. चर्चइतकेच घरही जपावे लागते, हे त्यांना तेथेच उमगले असावे असे आम्हांस वाटते.

ज्ञानेश्वर व एकनाथ यांनी वापरलेली ओवी त्यांनी घेतली. स्वर्गाला वैकुंठ म्हटले, अध्यायाला अवस्वरू. पैल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र, अशा मिळून दहा हजारांहून अधिक ओव्या झाल्या. परदेशी माणसाने प्रौढपणी शिकलेल्या भाषेत केलेले हे काम आहे! देवनागरी मुद्राक्षरे मिळावीत म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांकडे विनंती केली; ती सफल झाली नाही. १६१६ साली राचोल येथे ग्रंथ रोमन लिपीतच छापला गेला. तीन वर्षांनी, १६१९ साली, स्टीफन्स प्रभूकडे गेले. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

पुराण १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत ही पुराणे पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात. तेथेच जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखिते पडताळून १९०७ साली ग्रंथ छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली. स्टीफन्सना हवे असलेले देवनागरी ख्रिस्तपुराण असे साडेतीनशे वर्षांनी महाराष्ट्रात छापले गेले.

जुन्या ओव्या आज कानाला अवघड वाटतात, ही तक्रार रास्त आहे. सालेशियन धर्मगुरू फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ साली सोप्या मराठी गद्यासह ग्रंथ सिद्ध केल्याने ती बरीच दूर झाली. येशूजन्माचे अवस्वरू दुसऱ्या पुराणाच्या पहिल्या भागात आहेत. येत्या २४ डिसेंबरला ज्या घरातील कोणाला रेल्वेची रात्रपाळी असेल, त्यांनी ते तो कामावर निघण्यापूर्वी, दिवेलागणीलाच वाचावेत. जन्माचा भाग मोठ्याने वाचावयास फार वेळ लागत नाही.